अपघाताची बातमी लगेच पोहोचते, रस्ता मोकळा झाल्याची कोण पोहोचवतं?

मोकळी_वाट

नमस्कार मंडळी,

रस्त्यावरच्या लोकांना त्या क्षणाची वाहतूक माहिती देणारी सेवा उभी करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. फलकावर, मोबाइलवर, गाडीतल्या नॅव्हिगेशनवर आणि रेडिओवर जाणारी माहिती एकाच ठिकाणी तयार व्हावी आणि सगळीकडे एकसारखी जावी, असा आमचा प्रयत्न चालू आहे. त्यातली एक गाठ नुसत्या प्रोग्रॅमिंगने सुटणारी नाही, म्हणून हा धागा.

माहिती आमच्याकडे चार वाटांनी येते. रस्त्यात पुरलेले लूप (वरून गाडी गेली की नोंद करणारी तारेची वेटोळी), खांबांवरचे रडार आणि कॅमेरे, गाड्यांमधून आणि मोबाइलमधून येणारे जीपीएसचे ठिपके, आणि चौथी वाट माणसांची: पेट्रोलिंगवाले, पोलीस, हेल्पलाइनला फोन करणारे प्रवासी. पहिल्या तिन्ही वाटा मुख्यतः वेग सांगतात. वेग ८० वरून १५ वर आला हे यंत्राला कळतं. ट्रेलर आडवा झालाय, तेल सांडलंय की पुढे डांबरीकरण चालू आहे, हे बहुतेक वेळा कोणीतरी बघूनच सांगावं लागतं.

या सगळ्यातून घटना लवकर पकडण्यावर भरपूर काम झालंय. निविदेत, करारात, बैठकीत पहिला प्रश्न तोच असतो, ‘अपघात झाल्यापासून किती वेळात कळतं?’ घटना संपल्यापासून किती वेळात संदेश उतरतो, हे मात्र फार कमी ठिकाणी मोजलं जातं. क्रेन गाडी घेऊन जाते, दोन्ही लेन वाहू लागतात, आणि फलकावर ‘अपघात, डावी लेन बंद’ तसंच झळकत राहतं. ते वाचून एखादा लांबचा वळसा घेतो. मागून आलेला सोबती सरळ रस्त्याने त्याच्या आधी पोहोचलेला असतो. पुढच्या वेळी फलक खरं सांगत असतो, पण हा माणूस त्याच्याकडे बघत नाही. थांबलेल्या रांगेच्या शेपटीवर भरधाव जाऊन आदळणारी गाडी पुष्कळदा अशाच चालकाची असू शकते, आणि म्हणूनच मला हा प्रश्न सोयीचा नाही, सुरक्षिततेचा वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सेवेची पत संदेश किती लवकर चढतो यापेक्षा किती वेळेवर उतरतो यावर ठरते. कंट्रोल रूममध्ये काम करणारे, डेटावर काम करणारे आणि रोज गाडी चालवणारे, तिन्ही बाजूंचं ऐकायचंय. समाप्ती कोणी ठरवावी? यंत्राने, माणसाने की घड्याळाने?

---

तिसरी_शिफ्ट

कंट्रोल रूममध्येच काम करते, त्यामुळे राहवलं नाही.

अपघात झाला की फोनवर फोन येतात. एकाच घटनेचे पाच-सहा, आणि प्रत्येक जण जागा वेगळी सांगतो. रस्ता मोकळा झाला की एकही फोन येत नाही. कोण करणार? प्रवासी निघून गेलेला असतो. क्रेनवाल्याला पुढचा कॉल लागलेला असतो. पोलीस पंचनाम्यात असतात. वायरलेसवर ‘क्लिअर’ एवढा एक शब्द आला तर आला, आणि तो नेमका दुसऱ्या घटनेचा फोन चालू असताना येतो.

मग घटना बंद कधी होते? खरं सांगायचं तर पुष्कळदा शिफ्ट बदलताना. नवीन माणूस यादी वाचतो आणि विचारतो, ‘हे अजून चालू आहे का?’ मग कॅमेरा फिरवून बघायचं. कॅमेरा नसेल तर पेट्रोलिंगला विचारायचं. आळस म्हणून असं होत नाही. आमच्या स्क्रीनवर नवीन घटना लाल होऊन वाजते, जुनी घटना मात्र गप्प बसून राहते. जी गोष्ट आवाज करत नाही तिच्याकडे कामाच्या गर्दीत लक्ष जात नाही.

आणखी एक. ‘मोकळा झाला’ म्हणजे काय, यावरच एकमत नसतं. पोलिसांच्या दृष्टीने गाडी बाजूला घेतली की काम झालं. पण मागे रांग असते ना! मी तेव्हा संदेश उतरवला तर चार किलोमीटर मागच्या माणसाला वाटेल रस्ता मोकळा आहे, आणि तो थेट रांगेत शिरेल.

---

घनता

@तिसरी_शिफ्ट, तुमचा शेवटचा मुद्दा या धाग्याचा गाभा आहे. कारण संपणं आणि परिणाम संपणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामधला वेळ बऱ्यापैकी मोजता येतो.

लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ मध्ये आणि रिचर्ड्स यांनी १९५६ मध्ये वाहतुकीला प्रवाहासारखं मांडलं. त्या मांडणीतून निघणारी आणि रस्त्यावर पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी: अडथळा हटला की ‘सुटण्याची’ लाट गाड्यांच्या उलट दिशेने, मागे सरकते. तिचा वेग साधारण ताशी १५ ते २० किलोमीटर असतो. म्हणजे सहा किलोमीटरची रांग असेल आणि लाट ताशी १८ ने सरकत असेल, तर अडथळा हटल्यावर वीस मिनिटांनी शेवटच्या गाडीपर्यंत हालचाल पोहोचते. तोवर नवीन गाड्या येऊन रांग आणखी मागे वाढलेली असते. अपघाताच्या जागी सगळं सुरळीत आणि कित्येक किलोमीटर मागे लोक इंजिन बंद करून उभे, हे दृश्य त्यामुळेच दिसतं.

म्हणून एका घटनेची दोन आयुष्यं धरा. ‘डावी लेन बंद’ हे पहिलं, ते माणसाच्या साक्षीने संपवावं. ‘रांग’ हे दुसरं, ते वेगाच्या मोजणीने संपवावं. रांगेचं तोंड आणि शेपूट दोन्ही सरकतात, त्यामुळे तिची जागा एकदा लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

कारणच नसलेल्या कोंडीचं काय, असंही कोणी विचारेल. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. अडथळा काही नव्हता, तरी थोड्या वेळाने थांबा-चला अशी कोंडी आपोआप तयार झाली आणि मागे सरकू लागली. अशा कोंडीचं ‘क्लिअर’ वायरलेसवर कधीच येणार नाही. तिथे मोजणीच लागते.

---

लांबचा_पल्ला

मी अवजड गाडी चालवतो. वरचं सगळं वाचलं. चालकाच्या बाजूचं सांगतो.

‘पुढे गर्दी आहे, सावकाश जा’ असा बोर्ड लावू नका. त्याने काहीच ठरवता येत नाही. मला चार गोष्टी हव्यात: कुठून सुरू, किती लांब, कशामुळे, आणि माझ्या गाडीला दुसरी वाट आहे का. कारवाल्याला सांगितलेला वळसा मला चालत नाही. त्या वाटेवर कमी उंचीचा पूल असतो, वजनाची मर्यादा असते, वळण इतकं आवळ असतं की ट्रेलर बसत नाही. एकदा आत शिरलो की मागे घेता येत नाही आणि मग कोंडी माझ्यामुळेच होते.

दुसरं म्हणजे, बोर्ड एक्झिटच्या आधी पाहिजे. एक्झिट गेल्यावर ‘पुढे रस्ता बंद’ वाचून मी काय करू? कळलं आणि उपयोग झाला यात फरक आहे.

आणि आदेश नुसता नको, कारणही लिहा. ‘अपघात’ वाचलं की कळतं, तासभर तरी जाईल. ‘बंद पडलेली गाडी’ वाचलं की थोडा वेळ थांबून बघतो.

---

मोकळी_वाट

@लांबचा_पल्ला, दादा, हे इतकं नेमकं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एक्झिटच्या आधीचा मुद्दा आमच्या चाचणीच्या यादीत आजच घालतो. संदेश किती मिनिटांत प्रसिद्ध झाला एवढंच आम्ही बघतो. चालकाला शेवटच्या निर्णयाच्या जागेआधी तो मिळाला का, हे बघायला हवं.

---

सरासरीवाला

समाप्ती वेगावर ठरवायची तर तो वेग कसा काढलाय तेही बघा. लूपवरून जाणाऱ्या गाड्यांच्या वेगाची साधी सरासरी घेतली की प्रवासाचा वेळ कमी दिसतो. वॉर्ड्रॉप यांनी १९५२ च्या निबंधात हा फरक नीट मांडलाय. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात एक गाडी ताशी ३० ने आणि एक ९० ने जाते. साधी सरासरी ६०, म्हणजे दहा मिनिटं. प्रत्यक्षात पहिलीला वीस मिनिटं लागली आणि दुसरीला सहा मिनिटं चाळीस सेकंद. दोघींची सरासरी तेरा मिनिटं वीस सेकंद, म्हणजे खरा वेग ४५. कोंडी सुटत असताना वेगांत असाच मोठा फरक असतो, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी आकडा जास्त चुकतो.

आणखी एक फसवणूक आहे. बोर्डवरचा ‘२५ मिनिटं’ हा आकडा बहुधा रस्त्याच्या सगळ्या तुकड्यांवर आत्ता लागणाऱ्या वेळांची बेरीज असतो. गाडी शेवटच्या तुकड्यात पोहोचेल तेव्हा तिथली स्थिती बदललेली असते. कोंडी वाढताना असा आकडा कमी निघतो आणि सुटताना जास्त. ‘मोकळा झाला तरी बोर्ड जास्त मिनिटं दाखवतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं, संदेश विसरलेला नसतो.

---

खुणेचा_दगड

जीपीएसच्या ठिपक्यांवर विसंबून घटना बंद करण्याआधी एक धोका लक्षात घ्या. रस्ता पूर्ण बंद असला की तिथे गाड्याच नसतात, म्हणजे ठिपकेही नसतात. रिकाम्या जागी अनेक प्रणाल्या त्या वारी त्या वेळी नेहमी असणारा वेग भरतात. परिणाम, बंद रस्ता नकाशावर हिरवागार! त्यातून रुग्णवाहिका किंवा पेट्रोलिंगची गाडी सुसाट गेली की ‘वेग पूर्ववत’ अशी खात्रीही पटते.

उलटही होतं. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकाराने हातगाडीत ९९ मोबाइल घालून रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेले आणि नकाशावर तिथे लाल कोंडी उमटली. त्यामुळे किती ठिपक्यांवरून निष्कर्ष काढलाय, तो आकडा प्रत्येक तुकड्यासोबत साठवा. प्रत्यक्ष मोजलेला वेग आणि नेहमीचा म्हणून भरलेला वेग एकाच रंगात दाखवणं मला तरी लबाडी वाटते.

---

माग_नको

ठिपके जास्त हवेत असं सगळे म्हणताहेत, म्हणून हे लिहितो. २०१३ मध्ये पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. जागा आणि वेळ यांचे चारच बिंदू माहीत असले तरी ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात, असं निघालं. नाव काढून टाकलं की झालं, असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

---

घनता

@माग_नको, मुद्दा योग्य आहे आणि त्यावर वाटही आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि नोकिया यांनी मिळून शंभर गाड्यांमध्ये जीपीएसचे फोन ठेवून प्रयोग केला. त्यात फोन सतत जागा कळवत नव्हता. महामार्गावर आधीच आखलेल्या काल्पनिक रेषा ओलांडल्या की तेवढ्यापुरता वेग पाठवायचा, अशी रचना होती. घराजवळ रेषाच नाही, म्हणजे तिथली नोंदही नाही. आणि एकूण गाड्यांपैकी दोन-तीन टक्के गाड्यांकडून माहिती आली तरी महामार्गाचा वेग पुरेसा नीट कळतो, असा निष्कर्ष निघाला. सगळ्यांच्या मागावर राहण्याची गरजच नाही.

शहरातल्या सिग्नलच्या रस्त्यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

---

रेडिओची_तार

समाप्तीचा विचार जुन्या लोकांनी फार बारकाईने केला होता, तो नव्या ॲपच्या धांदलीत मागे पडलाय. आरडीएस-टीएमसी पद्धत घ्या, म्हणजे एफएम रेडिओच्या लहरींवरूनच गाडीतल्या रिसीव्हरला वाहतुकीचे सांकेतिक संदेश पाठवायची पद्धत. आरडीएसचा सगळा प्रवाह सेकंदाला ११८७.५ बिट्सचा, त्यातला थोडासाच हिस्सा वाहतुकीला. इतक्या चिंचोळ्या जागेत घटनेच्या प्रकाराला ११ बिट्स, जागेला १६ बिट्स, आणि तरीही संदेश किती काळ ग्राह्य धरायचा यासाठी ३ बिट्स राखून ठेवले होते! बिट बिट वाचवणाऱ्यांनी मुदतीवर खर्च केला, कारण बोगद्यात शिरलेल्या गाडीला ‘रद्द’ असा संदेश मिळेलच याची खात्री नसते. मुदत संदेशातच असेल तर रिसीव्हर स्वतःहून तो काढून टाकतो.

पुढे याच कामासाठी टीपेग ही नवी पद्धत आली. त्यात प्रत्येक संदेशाला ओळख क्रमांक, आवृत्ती क्रमांक, संपण्याची वेळ आणि रद्द झाल्याची खूण आहे. कंट्रोल रूम एकमेकांना माहिती देताना वापरतात त्या डेटेक्स टू या युरोपीय मानकामध्येही नोंदीची आवृत्ती, वैधता आणि ‘नक्की, बहुधा की नुसती शक्यता’ हे सांगायची सोय आहे.

म्हणजे कप्पे आहेत, भरले जात नाहीत. संपण्याची वेळ रिकामी सोडायची किंवा सगळीकडे एकच ठरावीक आकडा टाकायचा, ही सवय मोडायला हवी. @मोकळी_वाट, तुमची सेवा रिकामी मुदत असलेला संदेश स्वीकारते का? स्वीकारत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

---

मोकळी_वाट

सध्या स्वीकारते. ते बंद करतो.

सगळ्यांचं वाचून जे जुळतंय ते मांडतो, चुकत असेल तर सांगा.

प्रत्येक घटनेला प्रकारानुसार मुदत. बंद पडलेल्या गाडीला कमी, मोठ्या अपघाताला जास्त, रस्त्याच्या कामाला कंत्राटदाराने कळवलेली. मुदत संपत आली की संदेश आपोआप न उतरवता आधी कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ती घटना पुन्हा वाजावी. तिसरी_शिफ्ट म्हणतात तशी जुनी घटना गप्प बसता कामा नये.

घटनास्थळाच्या पुढचा आणि मागचा वेग सलग काही मिनिटं पूर्ववत दिसला, आणि तो पुरेशा ठिपक्यांवरून प्रत्यक्ष मोजलेला असला, तर ‘बहुधा संपली’ अशी सूचना ऑपरेटरला. तोवर प्रवाशाला दिसणाऱ्या संदेशात शेवटची पडताळणी कधी झाली ते लिहायचं: ‘डावी लेन बंद, ४ मिनिटांपूर्वी खात्री केली’. ‘४० मिनिटांपूर्वी’ असं वाचलं की चालक स्वतः अंदाज बांधू शकतो. यावर आमच्याकडे वाद आहे. काहींना वाटतं, शिळेपणा उघड केला तर सेवेवरचा विश्वास जाईल. मला वाटतं, लपवल्याने जास्त जातो.

---

सरासरीवाला

शिळेपणा दाखवण्याला माझा पूर्ण पाठिंबा. ‘बहुधा संपली’ मात्र जपून. रात्री गाड्या कमी असतात, तेव्हा एक लेन बंद असली तरी वेगात काही फरक पडत नाही. तुमचं यंत्र म्हणेल सगळं ठीक, आणि अंधारात लेनमध्ये उभी असलेली गाडी तशीच असेल. उशिरा उतरलेल्या संदेशाने वेळ जातो, लवकर उतरलेल्याने जीव जाऊ शकतो. दोन्हींना एकच तराजू लावू नका.

---

तिसरी_शिफ्ट

अगदी हेच लिहायला आले होते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमावलीत (८८६/२०१३) प्रवाशांना शक्य तिथे विनामूल्य द्यायच्या सुरक्षेच्या माहितीचे आठ प्रकार आहेत: तात्पुरता निसरडा रस्ता, रस्त्यावर जनावर, माणूस किंवा वस्तू, बंदोबस्त न केलेली अपघाताची जागा, अल्पकाळाचं रस्त्याचं काम, कमी दृश्यमानता, उलट दिशेने येणारं वाहन, बंदोबस्त न केलेला बंद रस्ता आणि तीव्र हवामान. यातल्या बहुतेकांत वेग खाली येईलच असं नाही. उलट दिशेने येणारी गाडी आहे आणि वेग पूर्ववत आहे, म्हणून संदेश काढायचा? नाही. हे आठ प्रकार माणसाने बघितल्याशिवाय उतरवूच नयेत. बाकी कोंडी, उशीर, प्रवासाचा वेळ, हे खुशाल यंत्राकडे द्या.

आणि एक मागणी. आमच्या स्क्रीनवर आज एकच ‘बंद करा’ बटण आहे. दोन द्या. ‘अडथळा हटला’ आणि ‘रांग संपली’. पहिलं दाबलं की बोर्डवर ‘रस्ता मोकळा, पुढे रांग सुटत आहे’ असं आपोआप यावं. ते मला हाताने टाइप करावं लागलं तर गर्दीच्या वेळी होणार नाही.

पेट्रोलिंगच्या गाडीतही एक बटण द्या. वायरलेसवर बोलायला वेळ नसतो, पण निघताना अंगठा दाबायला काही लागत नाही. जागा जीपीएसवरून कळेलच.

---

गल्लीतला

वळसे सुचवताना आमच्या गल्ल्यांचाही विचार करा. ॲप सगळ्यांना एकच आडवाट दाखवतं आणि मुलं शाळेत जायच्या वेळी दारातून गाड्यांची रांग लागते. मुख्य रस्ता मोकळा झाला तरी तासभर ती येतच राहते.

---

घनता

@गल्लीतला, हाही समाप्तीचाच मुद्दा आहे. वळशाचा संदेश मूळ घटनेला जोडलेला नसेल तर घटना बंद होते आणि वळसा चालूच राहतो. शिवाय प्रत्येकाने स्वतःपुरता जवळचा मार्ग धरला की सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे ब्रेस यांनी १९६८ मध्ये गणिताने दाखवलंय. सगळ्यांना एकच आडवाट सुचवणं हा उपाय नाही. कोणत्या रस्त्यावर वळवायचं नाही, याची यादी रस्त्याची जबाबदारी असलेल्यांनीच सेवेला द्यायला हवी.

---

लांबचा_पल्ला

दोन बटणांचं बोलणं पटलं. एक विचारू का? क्रेन येईपर्यंत गाडी ढकलून शोल्डरवर, म्हणजे लेनबाहेरच्या कडेच्या पट्टीवर घेतात. लेन मोकळी, पण गाडी तिथेच, माणसं टायरजवळ वाकलेली. तेव्हा कुठलं बटण दाबणार?

---

मोकळी_वाट

पहिलं दाबलं की घटना मिटणार नाही, तिचा प्रकार बदलेल: ‘डावी लेन बंद’ जाऊन ‘शोल्डरवर वाहन उभं’. ओळख क्रमांक तोच, आवृत्ती पुढची, मुदत नव्याने सुरू. माणसं रस्त्यालगत असतील तर पेट्रोलिंगने एक खूण करायची, म्हणजे तिसरी_शिफ्ट यांच्या आठ प्रकारांत ती नोंद जाईल आणि यंत्र तिला हात लावणार नाही. बोर्डवर तुम्हाला ‘शोल्डरवर माणसं, उजव्या लेनने जा’ एवढंच दिसेल.

बटणांचा कच्चा आराखडा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो. @तिसरी_शिफ्ट, तुमच्या शिफ्टमधल्या दोघा-तिघांना दाखवाल का? अंगठ्याने, हातमोजे घालून, अंधारात दाबता येतं का ते पेट्रोलिंगवाल्यांकडून बघून घ्यायचंय.

---

तिसरी_शिफ्ट

दाखवते. बटणांचे रंग आधी ठरवू नका, आमच्याकडे लाल म्हणजे नवीन घटना.